नाशिकला बर्फ नाही, मग स्कीचा रॅम्प कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दिंडोरीकडे मामांची द्राक्षबाग आहे. तिथल्या शेततळ्याच्या बांधावरून एक पांढरा उतार पाण्याकडे येतो आणि टोकाला वर वळून तिथेच संपतो. तो पाहणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. लग्नाकार्यात नातेवाईक विचारतात, अंबडच्या माझ्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये माल न्यायला आलेले टेम्पोवाले विचारतात: नाशिकला बर्फ कधी पडला, मग हा स्कीचा रॅम्प कशाला?

खरं म्हणजे तो बर्फावर घसरायला शिकवण्यासाठी नाहीच. जमिनीवरून पाय सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत हवेत जे करायचं, ते शिकण्यासाठी आहे.

फ्रीस्टाइल स्कीइंगमध्ये एरिअल्स नावाचा प्रकार आहे. खेळाडू उतारावरून वेगात येतो, जवळजवळ उभ्या चढलेल्या बर्फाच्या टेकाडावरून वर फेकला जातो, हवेत कोलांट्या आणि गिरक्या घेतो आणि पुढच्या उतारावर दोन्ही स्कींवर, म्हणजे पायाला बांधलेल्या लांब पट्ट्यांवर, उतरतो. 1988 ला कॅलगरीत आणि 1992 ला आल्बर्टव्हिलला तो प्रात्यक्षिक म्हणून होता, 1994 च्या लिलहामर ऑलिंपिकपासून त्याला पदकं आहेत. पुरुषांत तीन कोलांट्यांमध्ये पाच गिरक्या बसवणारे खेळाडू आहेत. गुण कसे देतात ते मुद्दाम सांगते, कारण माझं उत्तर त्यातच आहे. उड्डाणाला 20 टक्के, हवेतल्या शरीराच्या ठेवणीला 50 टक्के आणि उतरण्याला 30 टक्के. म्हणजे शंभरातले सत्तर गुण पाय बर्फाला लागण्याआधीच मिळालेले किंवा गेलेले असतात.

उरलेले तीस आमच्याकडे शिकवता येत नाहीत. बर्फाच्या उतारावर उतरणं बर्फावरच शिकावं लागतं, त्याला काश्मीरमधलं गुलमर्ग किंवा उत्तराखंडमधलं औलीच गाठायला हवं. पण कोलांटीतला गोंधळ बर्फावर सोडवायला गेलं तर मान मोडते. म्हणून जगभरातले खेळाडू नवी उडी आधी पाण्यात मारतात. प्रशिक्षकाला ती पुन्हा पुन्हा स्वच्छ दिसली, की मगच बर्फावर परवानगी मिळते. अमेरिकेत पार्क सिटी आणि लेक प्लॅसिडला, स्वित्झर्लंडमध्ये मेटमेनस्टेटनला असे रॅम्प आहेत. आणि ब्रिस्बेनला आहे. ब्रिस्बेनला बर्फ पडत नाही. तरी ऑस्ट्रेलियाने आपल्या हिवाळी खेळाडूंसाठी पाण्याचा मोठा रॅम्प तिथेच, चँडलरच्या क्रीडासंकुलात उभारला, कारण पाणी वर्षभर अंगाला सोसेल इतकं उबदार राहतं. त्याआधी त्यांचे खेळाडू मेलबर्नजवळ लिलीडेलच्या गढूळ तळ्यात उड्या मारायचे. त्या तळ्यात जळवा होत्या. तिथे घडलेली अलिसा कॅम्प्लिन 2002 ला सॉल्ट लेक सिटीत सुवर्णपदक जिंकली. ती मुळात जिम्नॅस्ट होती, स्की पायाला लावली तेव्हा विशीला टेकलेली. 2010 ला व्हँकुव्हरमध्ये जिंकलेली लिडिया लासिलाही जिम्नॅस्टिक्समधूनच आलेली. चीनने तर सगळा संघच जिम्नॅस्टिक्स आणि कसरतीतली मुलं निवडून उभा केला. 2006 ला हान शियाओपेंगने आणि 2022 ला शू मेंगताओ आणि ची ग्वांगपूने सुवर्ण जिंकलं ते त्याच वाटेने.

गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स करताना हे वाचत होते आणि मला सारखी आमच्या मल्लखांबाची मुलं आठवत होती. दोरीवरून उलटं सुटताना डोकं कुठे, पाय कुठे, जमीन कुठल्या बाजूला हे ज्याला डोळे मिटून कळतं, त्याला हवेची भीती आधीच गेलेली असते. बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांब पुन्हा उभा केला, आणि त्यांची कथा आपल्या सप्तशृंगीच्या गडाशी जोडलेली आहे. नाशिकच्या व्यायामशाळांत आजही संध्याकाळी खांबाला तेल लागतं. ऑस्ट्रेलिया आणि चीनने आधी अशीच मुलं शोधली आणि बर्फ नंतर दाखवला. मुलं आपल्याकडे आहेत. मग पाणी आणि लोखंड एवढंच लागणार होतं, आणि या जिल्ह्यात दोन्हींची माणसं आहेत.

पाण्यापासून सुरुवात झाली. शेततळ्याच्या सरकारी मापांतलं एक 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल. एकास एक बाजूउतार धरला तर त्यातून 2196 घनमीटर माती निघते. एरवी ती बांधाला जाते नाहीतर वाहून टाकतात. आम्हाला टेकडीच हवी होती. मामांना आधी वाटलं, मुली, काळ्या मातीचा भराव करशील आणि पहिल्या पावसात बसेल. त्यांचंच खरं होतं. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते, तिच्यावर वक्र टिकत नाही. म्हणून वरचा काळ्या मातीचा थर बागेत पसरला आणि खालून निघालेला मुरूम थराथराने पाणी मारत, रोलर फिरवत दाबला. उताराचा खालचा अर्धा भाग त्या भरावावर आहे, वरचा पॉलीहाउसवाल्यांकडून करून घेतलेल्या जस्ती पाइपांच्या सांगाड्यावर. सुरुवातीची जागा वळणाच्या तळापासून सात मीटर उंच आहे. घर्षण नसतं तर तेवढ्या उतारावर ताशी 42 किलोमीटरचा वेग आला असता. उतारावर अंथरलेल्या ओल्या प्लास्टिकच्या मॅटवर तो ताशी 32 च्या आसपास राहतो, आणि शिकणाऱ्याला तेवढा पुरतो.

सगळ्यात जास्त वेळ मी वळणावर घालवला. लोक उंचीकडे बघतात. गुडघे जातात ते वळणात. सेकंदाला 9 मीटर वेगाने येणारं मूल 8 मीटर त्रिज्येच्या वळणात शिरलं की त्याला आपलं वजन दुप्पट झाल्यासारखं वाटतं. तीच त्रिज्या 4 मीटर केली तर तिप्पट. आणि पत्र्यांच्या सांध्यात बोटभर जरी घडी राहिली, तरी तेवढ्या इंचात धक्का बसतो आणि शरीर पुढे फेकलं जातं. हवेत गेल्यावर ती चूक दुरुस्त होत नाही, कारण कोलांटीचा फिरकाव टोक सोडतानाच ठरलेला असतो. म्हणून पत्रे प्लेट रोलिंग मशीनवर एकाच त्रिज्येत वळवून घेतले, सांधे वेल्ड करून घासले, आणि लाकडी फर्मा लावून टोकापर्यंत तपासले. टोकाचा कोन सध्या 30 अंश आहे. स्पर्धेत तीन कोलांट्यांच्या टेकाडाचा कोन सत्तर अंशांच्या घरात असतो, तिथवर जायला आम्हाला घाई नाही. तीस अंशांवरून मूल साधारण सव्वा सेकंद हवेत राहतं आणि नऊ मीटर पुढे, तळ्याच्या मधोमध पडतं. टोक काठापासून चार मीटर आत पाण्यावर ओढून घेतलंय ते यासाठी. तळ्याच्या तिरक्या बाजूवर अंथरलेला प्लास्टिकचा कागद मागे राहिला पाहिजे आणि पडण्याच्या जागी पूर्ण खोली मिळाली पाहिजे. त्या भागात तळं आम्ही चार मीटर केलंय.

उतारावर बर्फाऐवजी ब्रशसारखे ताठ केस असलेल्या प्लास्टिकच्या मॅट आहेत. बागेचेच मायक्रो स्प्रिंकलर त्या सतत ओल्या ठेवतात. कोरड्या मॅटवर स्की अडकते, आणि आमच्या उन्हात मॅट कोरडी व्हायला फार वेळ लागत नाही.

आता बुडबुडे. पाहुण्यांना सगळ्यात गंमत त्याचीच वाटते. तीन-चार मीटरवरून सपाट पाण्यावर पाठ आपटली तर पाणी फरशीसारखं लागतं. म्हणून तळाशी भोकं पाडलेले पाइप वजन लावून बसवले आहेत आणि मूल उतारावरून निघालं की प्रशिक्षक हवा सोडतात. हवा मिसळलेलं पाणी मऊ पडतं, शिवाय पृष्ठभाग पांढरा उकळता दिसतो, त्यामुळे हवेत उलटं असतानाही पाणी किती खाली आहे ते डोळ्यांना कळतं. त्यासाठी मोठा कॉम्प्रेसर लागत नाही. चार मीटर पाण्याचा दाब म्हणजे चौरस सेंटिमीटरला 0.4 किलो. सांडपाणी प्रक्रियेच्या टाक्यांत हवा सोडायला एमआयडीसीत जे ब्लोअर वापरतात, तसला एक पुरतो. प्रश्न विजेचा होता. शेतीच्या लाइनला वीज कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून जनरेटर आहे. ब्लोअर बंद असेल तर उडी नाही, कितीही लांबून मूल आलेलं असो.

ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते ती उडी नव्हेच. ती आहे तळ्याचा कागद. 500 मायक्रॉनचा तो काळा कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. शेततळ्यात पडून काठाशी, हाताच्या अंतरावर माणसं बुडालेली आहेत. पोहता येणारीही. दर पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात अशा बातम्या येतात आणि दोन दिवसांनी विसरल्या जातात. म्हणून रॅम्पचा पहिला पत्रा वळवायच्या आधी आम्ही चारही बाजूंना दोरखंडाच्या शिड्या आणि नायलॉनच्या जाळ्या तळापर्यंत सोडल्या, तळ्याला कुंपण आणि कुलूप घातलं, आणि उडीच्या जागेखाली कागदाचा दुसरा थर टाकला, कारण स्कीची कड कागद फाडते. स्कीच्या कडा आम्ही घासून बोथट करतो ते त्याचसाठी. रॅम्प बघून परत जाताना ज्या शेतकऱ्यांनी आपल्या तळ्यात दोरीची शिडी सोडली, त्यांनी स्कीचं नावही घेतलं नाही तरी चालेल. आणि तुमच्या तळ्याला शिडी नसेल तर हा लेख इथेच ठेवा आणि आधी ती सोडा.

दुसरा प्रश्न पाण्याचा असतो, आणि तो विचारायलाच हवा. चांदवड-येवल्याकडे उन्हाळ्यात टँकर फिरत असताना इकडे पाण्यात उड्या मारायच्या? रॅम्प पाणी पीत नाही. मॅटवर फवारलेलं पाणी उतारावरून परत तळ्यात येतं. बाष्पीभवन होतं, ते बहुतेक रॅम्प नसता तरी झालंच असतं. तळं आधीपासून बागेसाठी आहे, आणि बागेचा हक्क पहिला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पाणी लागतं तेव्हा तळं उपसलं जातं आणि उड्या बंद होतात. पावसाने भरलं की ऑगस्टपासून पुन्हा सुरू. योगायोग असा, की हे वेळापत्रक हिमालयाच्या सोयीचं आहे. ऑगस्ट ते डिसेंबर पाण्यात, जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्गला. मनमाडला झेलम एक्सप्रेस धरली की गाडी थेट जम्मूला नेते. डिसेंबरात निफाडचा पारा दहाच्या खाली जातो, त्या सकाळी वेटसूट असला तरी ऊन वर येईपर्यंत आम्ही कुणाला पाण्यात उतरवत नाही.

"पण आपली मुलं ऑलिंपिकला जाणार आहेत का?" असं कुणी तरी म्हणतंच. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवा. चांदवड तालुक्यातलं पाण्यासाठी तळमळणारं गाव, विहिरी खोदणारे वडील, आणि हा मुलगा सैन्यात गेल्यावर पुण्यात वल्हं हातात धरायला शिकला. 2016 ला रिओत एकेरी नौकानयनात तेरावा आला आणि 2018 ला आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्ण जिंकला. त्याच्या गावात होडी नव्हती, पण म्हणून त्याचं नौकानयन अडलं नाही. कुठेतरी होडी होती आणि त्याला तिच्यात बसवणारं कुणीतरी होतं. भारतात बर्फाचे डोंगर आहेत, 2020 पासून गुलमर्गला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात. हवेतल्या उडीचा सराव करायला बर्फ नसलेल्या महिन्यांत मुलांनी कुठे जावं, याला उत्तर हवं. माझ्या हातात शेड, मशीन आणि मामांचं तळं होतं, म्हणून ते उत्तर मी इथे उभं केलं.

आणि तुमच्यातल्या ज्यांनी हळूच विचारलं, "आमच्या पोराला पाठवू का?" त्यांच्यासाठी. मुलाला पोहता आलं पाहिजे, बूट आणि लाइफ जॅकेट घालून तळ्याची एक फेरी मारता आली पाहिजे, आणि दोरशिडीने एकट्याने वर येता आलं पाहिजे. हे आम्ही पहिल्या दिवशी करून घेतो, त्या दिवशी उडी नसते. मग सरळ उडी, मग गुडघे पोटाशी, मग एक गिरकी. कोलांटी ट्रॅम्पोलिनवर पक्की झाल्याशिवाय रॅम्पवर नाही. मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिक्स करणारी मुलं लवकर पुढे जातात, पण न करणाऱ्यांनाही घेतो. हेल्मेट, स्की आणि बूट इथे आहेत. सोबत टॉवेल, कोरडे कपडे आणि आई-वडिलांपैकी एक जण हवा. रविवारी सकाळी नऊला या, ऊन तोवर पाण्यावर आलेलं असतं.