न मोडलेलं विमान

आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, विमान नाक खुपसून पडलं तर फार वाईट वाटून घेऊ नये, असं आता माझं मत झालंय. पडलेलं विमान निदान टेबलावर येतं. तुकडे जुळवताना त्याचा प्रत्येक सांधा हाताखालून जातो. खरा घात करतं ते धप्पकन आपटून, दोन उड्या मारून जिथल्या तिथं उभं राहिलेलं विमान. बघणारी पोरं टाळ्या वाजवतात, आपण बॅटरी बदलतो आणि पुन्हा हवेत सोडतो. माझ्या मागं जी साडेसाती लागली, ती असल्याच एका लँडिंगपासून.

सेलूत माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात, आम्ही वायंडिंग काढून नवी तार भरतो. विमान मुळात भाच्याचं. तो संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजातल्या पोरांनी मिळून केलेलं एक ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचं विमान, त्यानं सुट्टीत आणलं. पांढऱ्या फोमचं, पंख वरच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वा मीटरच्या आत-बाहेर. तीन सेलची २२०० एमएएचची लिपो बॅटरी, मोटारीचा वेग सांभाळणारा तीस अँपिअरचा ईएससी, पंख-शेपटीची फळकुटं हलवणाऱ्या नऊ-नऊ ग्रॅमच्या छोट्या मोटारी म्हणजे चार सर्व्हो आणि त्यांना फळकुटांशी जोडणाऱ्या पुशरॉडच्या जागी सायकलच्या स्पोकची तार. सुट्टी संपली तसा भाचा गेला, विमान माझ्याकडे राहिलं.

उडवायला जागा म्हणजे गावाबाहेरच्या पाझर तलावाचं कोरडं पात्र. उन्हाळ्यात मैदानासारखं सपाट, आसपास लाइनीच्या तारा नाहीत, काठाला तेवढ्या बाभळी. पहिल्यांदा पोलीस पाटलांना सांगून आलो. मध्यंतरी रात्रीचे ड्रोन फिरतात म्हणून आपल्याकडं गावोगाव जी हूल उठली होती, तेव्हापासून आभाळात काही घुंगावलं की लोक काठ्या घेऊन निघतात. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदापुरत्या मॉडेलला बरीच मोकळीक आहे, पण विमान डोळ्यांसमोर ठेवायचं आणि परवानगी न लागणाऱ्या हिरव्या झोनमध्येही १२० मीटरच्या वर न्यायचं नाही. आमच्यासारख्याला चाळिसाच्या वर नेलं तरी पंख कुठला आणि शेपूट कुठलं कळत नाही, ती गोष्ट वेगळी.

शिकण्याची कथा लांबवत नाही. लॅपटॉपवरच्या सिम्युलेटरवर हात बसवला. विमान आपल्याकडं तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि नवखे तिथंच पाडतात. त्यावर भाच्यानं सांगितलेली युक्ती अजून कामी येते: जो पंख खाली जाईल, त्याच बाजूला रिमोटची काडी द्यायची, पडत्या पंखाला टेकू दिल्यासारखी. डोकं लावायला वेळ नसतो तेव्हा एवढं पुरतं.

तर ते लँडिंग. भाचा परत जायच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर. विमान छान उतरत होतं आणि पात्रातून एक वावटळ आडवी आली. तिनं विमान आधी उचललं, मग पुरुषभर उंचीवरून सोडून दिलं. पोट आपटलं, शेपटीचा खालचा भाग एका ढेकळावर बसला, पण मोडलं काहीच नाही. फोमला साधी चीर नाही. भाच्यानं मोटार फिरवून बघितली, काड्या हलवून बघितल्या, सगळं चालू. "मामा, टणक आहे की नाही?" म्हणाला आणि बस गाठली.

त्यानंतर प्रकार सुरू झाले. सकाळी सातला उडवलं तर विमान गुणी बाळ. दुपारी चार-साडेचारला उडवलं की पहिली काही मिनिटं ठीक, आणि उतरवायला घेतलं की शेवटच्या टप्प्यात एकदम जीव गेल्यासारखं खाली. काडी ओढा, काही उपयोग नाही. जवळ जाऊन उचललं की मोटार चालू, सर्व्हो चालू, जसं काही झालंच नाही.

फोनवर भाचा ठाम होता. "मामा, स्टॉल होतोय. वळणावर तुम्ही स्लो करताय."

स्टॉल म्हणजे वेग कमी पडून पंखाची उचल सुटणं. त्याचं म्हणणं वरवर पटण्यासारखं होतं. वाऱ्याच्या दिशेनं जाणारं विमान जमिनीवरून बघताना जोरात पळताना दिसतं, म्हणून माणूस थ्रॉटल, म्हणजे मोटारीचा जोर, कमी करतो. पण पंखाला लागतो तो हवेतला वेग, जमिनीवरचा नव्हे. तो कमी पडला आणि वळताना एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारं शेपटीचं फळकुट) ओढला की आतला पंख आधी सुटतो आणि विमान गिरकी घेऊन पडतं. उन्हात हे आणखी लवकर होतं. परभणीकडचा पारा मे महिन्यात ४२-४३ ला सहज जातो. गरम हवा विरळ, त्यामुळं थंडीतल्या सकाळपेक्षा उतरण्याचा वेग शेकडा चार-पाचनं जास्तच ठेवावा लागतो. फार नाही, पण वेगाच्या अगदी काठावर उडणाऱ्याला तेवढंही महाग पडतं.

म्हणून वेग वाढवला. लांबून, सरळ, वाऱ्याला तोंड देऊन, पॉवर ठेवून आणलं. तरी पडलं. या वेळी मी लगेच उचललं नाही. गाडीचा अपघात झाला की पंचनामा होईपर्यंत गाडी हलवत नाहीत ना, तसं विमान आहे तिथं ठेवून भोवती फिरलो.

पंख सरळ होते, म्हणजे गिरकी नव्हती. नाक मातीत रुतलं होतं, आतली बॅटरी वेल्क्रो सोडून पुढं सरकली होती. आणि प्रोपेलरची दोन्ही पाती शाबूत, नुसती माती लागलेली. माझं लक्ष तिथंच अडकलं. फिरता प्रोपेलर जमिनीला लागला तर बहुतेक वेळा दोन्ही पाती तुटतात, नाहीतर टोकांना चांगले ओरखडे येतात. इथं काहीच नाही, म्हणजे आपटताना मोटार बंद होती. पण माझ्या हातातलं थ्रॉटल तर अर्ध्यावर होतं! स्टॉलमध्ये पंख सुटतो, मोटार बंद पडत नाही.

भाच्याला कळवलं तर म्हणाला, रेंज गेली असेल. रिमोट कमी पॉवरवर टाकून पात्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत तपासलं. रेंज चोख होती.

मग विमान दुकानात आणलं. आमच्या धंद्यात एक तक्रार ठरलेली असते: "मोटार चालू केली की चालती, तासाभरानं बंद पडती, थोडं थांबलं की पुन्हा चालती." शेतकरी मोटार जळाली म्हणतो, आम्ही स्टार्टरचा ओव्हरलोड बघतो. तो तापला की सोडतो, निवला की धरतो. विमानात असं तापून सोडणारं काय असेल? ईएससीमध्ये बॅटरीच्या अकरा व्होल्टचे पाच करून रिसीव्हर (रिमोटचा संदेश झेलणारा भाग) आणि सर्व्होंना देणारा भाग असतो, त्याला बीईसी म्हणतात. स्वस्तातल्या ईएससीत तो लिनियर जातीचा असतो, म्हणजे वरचे सहा व्होल्ट नुसते उष्णतेत जातात. सर्व्होंनी मिळून एक अँपिअर ओढला की सहा वॉट उष्णता, तीही काडेपेटीएवढ्या जागेत. वर फोमची बंद पेटी आणि बाहेर बेचाळीस डिग्री.

दुपारी एकला, पत्रे तापलेले असताना, प्रोपेलर काढून विमान टेबलाला बांधलं. (प्रोपेलर काढल्याशिवाय टेबलावर बॅटरी जोडूच नये. मोटार भरणाऱ्याला तरी हे सांगायला नको.) मल्टिमीटरची टोकं रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला लावली आणि उतरताना ओढतो तसा एलेव्हेटर वर ओढून धरला. मीटर पाचावर. एक गिऱ्हाईक मोटार न्यायला आलं होतं, ते खुर्ची ओढून बसलं. "आता हे बी भरायले का तुम्ही?" म्हणालं. काही मिनिटं गेली आणि मीटरचा आकडा घसरला, पावणेपाच, साडेचार, आणि मग एकदम शून्य. रिसीव्हरचा लाल दिवा गेला, शेपटीचं फळकुट मलूल होऊन खाली आलं. फुंकर घालत बसलो, थोड्या वेळानं दिवा आपोआप लागला. गिऱ्हाईकच म्हणालं, "ओव्हरलोड ट्रिप मारायलाय की हो."

पण ओव्हरलोड कुणाचा? चार छोट्या सर्व्होंनी एवढं ओढायला नको. दुकानातला पंखा बंद करून एकेका सर्व्होला कान लावला. तिघं काडी थांबली की गप्प. एलेव्हेटरचा मात्र वर ओढून धरला की बारीक गुणगुणत राहायचा. बॅटरी काढून त्याच सर्व्होचा आर्म (बाहेरची दांडी) बोटानं हळू फिरवला, तर एका जागी खडा लागल्यासारखा अडायचा. चार बारके स्क्रू काढून खोका उघडला. पांढऱ्या नायलॉनच्या चक्र्या, दिसायला सगळ्या ठीक. भिंग लावल्यावर दिसलं की मधल्या चक्रीचा एक दात अर्ध्यातून उडालाय आणि त्याचा कण, साखरेच्या दाण्याच्या चतकोराएवढा, ग्रीसमध्ये शेजारच्या दोन दातांत चिकटून बसलाय. काडी मधोमध असेपर्यंत तो आड येत नव्हता. उतरताना ओढलेल्या शेवटच्या टप्प्यातच सर्व्हो त्याच्यावर अडायचा, ढकलत राहायचा आणि करंट ओढत राहायचा. सकाळच्या गारव्यात बीईसी ते सोसायचा, दुपारी सोडायचा. रिसीव्हर आणि ईएससीचा मेंदू एकाच पाच व्होल्टवर, म्हणून काडी आणि मोटार एकदमच जायची.

ढेकळावर शेपूट बसलं तेव्हा एलेव्हेटरला मिळालेला धक्का स्पोकच्या तारेतून सरळ त्या दातावर गेला होता. स्पोक वाकला नाही, फोम चिरला नाही. सगळ्यात कमकुवत होतं ते आत तुटलं.

सर्व्हो बदलला, या एका जागी धातूच्या चक्र्यांचा घातला. पाच व्होल्टसाठी तीन अँपिअरचा स्विचिंग बीईसी वेगळा जोडला आणि ईएससीची लाल तार रिसीव्हरच्या पिनेतून काढून टेप लावून ठेवली, नाहीतर दोन्ही एकमेकांशी भांडतात. नाकाला पुढून भोक पाडलं, मागं त्याच्या दुपटीचं, हवा आत शिरण्यापेक्षा बाहेर पडायला जास्त जागा लागते. भर दुपारी त्याच टेबलावर मीटर पाचावरून हलला नाही.

उतरवणं त्यानं सोपं झालं असं नाही. काळ्या रानाच्या भेगांत चाक अडकून विमान कोलांटी खातं, म्हणून चाकं काढून टाकली आणि पोटाला कोरोप्लास्टची (पोकळ प्लास्टिक पत्र्याची) पट्टी चिकटवली. गुडघ्याएवढी उंची राहिली की थ्रॉटल सोडून नाक अगदी हळू उचलायचं. जोरात उचललं तर ते पुन्हा वर चढतं, वेग संपतो आणि मग आपटतं. हे हाताला कळायला बऱ्याच संध्याकाळी गेल्या.

आता जोरात बसलं की टाळ्या वाजवणाऱ्या पोरांना मी थांबवतो. बॅटरी आधी बाहेर, फुगली का बघायचं आणि वाळूच्या पाटीत अर्धा तास लांब ठेवायची. आतून दबलेली लिपो कधी कधी उशिरा पेट घेते. मग पंख उजेडाकडं धरून हलके वाकवायचे, फोमवर पांढरी रेघ उमटली तर आत चीर आहे. मोटार हातानं फिरवून शाफ्टचं टोक डोळ्यांसमोर धरायचं. आणि प्रत्येक सर्व्हो बोटानं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोरं कंटाळतात. त्यांच्यातलं एक मात्र आता माझ्याआधी सर्व्होला कान लावतं.

भाच्याला तो दात मी भिंगातून फोटो काढून पाठवला. बराच वेळ निळ्या खुणा नुसत्या दिसत होत्या, मग उत्तर आलं: "मामा, स्टॉल नव्हता तर." मृग लागला की तलावात पाणी येईल, फ्लोट लावून पाण्यावरून उडवू, असं त्याचं आता चाललंय. मी म्हटलं, बघू. शेवटच्या वेळी उतरलं तेव्हा काही मोडलं नव्हतं, पण मोटारीची शाफ्ट केसभर डुलताना दिसली. नवी मागवलीय, ती येऊ दे.