मँगेनाइटची एन्ट्रॉपी मोजताना: माझा अनुभव

एन्ट्रॉपी, म्हणजे पदार्थातल्या अव्यवस्थेचं माप, थेट दाखवणारा मीटर नसतो. चुंबकन, म्हणजे पदार्थ किती चुंबकीय झाला ते, मोजायचं आणि त्याला एन्ट्रॉपीशी जोडणाऱ्या मॅक्सवेलच्या समीकरणातून एन्ट्रॉपीतला बदल काढायचा. इंदूरला खंडवा रोडवरच्या विद्यापीठात प्रोजेक्टसाठी मला लॅन्थेनम-कॅल्शियम मँगेनाइट हे मँगनीजचं ऑक्साइड मिळालं. घरी सांगितलं, चुंबकाजवळ नेलं की तापतं, दूर केलं की गार होतं. आई म्हणाली, "मग फ्रिज कर ना त्याचा." लोक तेच करताहेत; २९४ केल्विनजवळ, म्हणजे खोलीच्याच तापमानाला काम करणारं गॅडोलिनियम त्यासाठी प्रसिद्ध आहे.

सॅम्पल बनवणं सरळ होतं. लॅन्थेनम ऑक्साइड हवेतली ओल ओढतं, म्हणून वजन करण्याआधी ते भट्टीत तापवायचं; मग खलणं, पेलेट दाबणं, १३०० अंशांच्या आसपास भाजणं.

खरा वेळ गेला मोजणीत. या पदार्थात २६० केल्विनच्या आसपास चुंबकत्व येतं आणि त्याच वेळी जालकही, म्हणजे अणूंची नियमित मांडणी, आक्रसतं. अणूंमधलं अंतर बदललं की त्यांचा चुंबकीय बंध बदलतो, आणि बंध बदलला की अंतर. बीन आणि रॉडबेल यांनी १९६२ मध्ये हेच मांडलं. त्यामुळे संक्रमण एकदम होतं आणि थोडा हिस्टेरेसिस उरतो, म्हणजे फील्ड (चुंबकीय क्षेत्र) काढलं तरी सॅम्पलचा काही भाग चुंबकीयच राहतो. तसंच पुढच्या तापमानाला गेलं, तर गणितातून एन्ट्रॉपी-बदलाचं भलतंच उंच, खोटं शिखर निघतं.

सरांचा नियम कडक होता. प्रत्येक वक्राआधी (एका ठरलेल्या तापमानाला फील्ड बदलत चुंबकन मोजून मिळणारा आलेख) शून्य फील्डमध्ये ३०० केल्विनपर्यंत तापवायचं, मग हळूहळू खाली आणायचं, आणि ठरलेल्या तापमानाच्या खाली क्षणभरही घसरू द्यायचं नाही. एका वक्रासाठी एवढी खटपट! मशीनचा स्लॉट बहुतेक रात्रीचाच मिळायचा.

बॅनर्जी यांचा १९६४ चा निकष लावला: चुंबकनाचा वर्ग एका अक्षावर, फील्ड भागिले चुंबकन दुसऱ्यावर. उतार ऋण आला, म्हणजे संक्रमण पहिल्या क्रमाचं, एकदम होणारं. कमी तापमानाच्या एक्स-रेमध्ये स्फटिकाच्या पेशीचं (जालकाच्या सर्वांत छोट्या एककाचं) आकारमानही त्याच जागी घटलेलं दिसलं.

मग कॅल्शियमच्या जागी बराचसा स्ट्रॉन्शियम घातला. उतार धन झाला, हिस्टेरेसिस गेला, शिखर बुटकं पण पसरट झालं. माझ्या मते फ्रिजला हेच बरं, कारण हिस्टेरेसिस असला की दर फेरीला थोडी ऊर्जा वाया जाते. सरांना अजून उंच शिखरच आवडतं.