सायरन वाजला आणि सगळ्यांनी मोबाईल काढले

माझं काम आपत्ती व्यवस्थापनाचं ट्रेनिंग द्यायचं, म्हणजे स्लाइड्स दाखवायच्या, शेवटी मॉक ड्रिल घ्यायचं, फोटो काढायचे आणि रिपोर्ट पाठवून मोकळं व्हायचं. त्या दिवशी एका ऑफिसात भूकंप आणि त्सुनामीचं सेशन होतं. दीड तास घसा बसेपर्यंत बोललो, सगळे माना डोलवत होते, म्हटलं छान चाललंय, आणि न सांगता सायरन वाजवला.

एकही माणूस उठला नाही! निम्म्यांनी मोबाईल काढले, एक जण तर व्हिडीओ घ्यायला लागला. पहिल्या रांगेतले एक काका पेनाचं टोपण काढत होते, लावत होते, काढत होते.

ब्रेकनंतर मी लॅपटॉप बंदच केला आणि सिमेउलुएची गोष्ट सांगितली. इंडोनेशियातलं बेट, १९०७ साली तिथे मोठा भूकंप झाला आणि मागोमाग समुद्राने गावंच्या गावं नेली. जे वाचले त्यांनी त्या लाटेचं नाव ठेवलं 'स्मोंग', आणि पोराबाळांना गोष्टीतून, गाण्यातून तेच सांगत राहिले की जमीन जोरात हलली, समुद्र मागे हटला की काही गोळा करत बसू नका, डोंगराकडे पळा. २००४ च्या भूकंपाचं केंद्र या बेटाच्या जवळच होतं, उत्तर टोकाला लाट ८-१० मिनिटांत पोचली. सायरन नव्हता, कोणीतरी 'स्मोंग' ओरडलं आणि अख्खी गावं चढ चढायला लागली. सुमारे ७८ हजार वस्ती, आणि लाटेत गेले ७. शेजारच्या सुमात्रा बेटावरच्या आचे भागात दीड लाखाच्या वर माणसं गेली, तिथे हा शब्दच नव्हता.

'पण दगडावर कोरून ठेवलं तर जास्त टिकेल ना?' एकीने विचारलं. प्रश्न भारी होता. जपानात असे शेकडो दगड आहेत. १९३३ च्या त्सुनामीनंतर आनेयोशी गावात एक लावला, याच्या खाली घरं बांधू नका म्हणून. गावाने ऐकलं, आणि २०११ ची लाट त्या दगडाच्या खालीच थांबली. पण बाकी कितीतरी ठिकाणी दगड जागेवर होते आणि घरं त्यांच्या खाली होती, कारण दगड काय, वाचला तर बोलणार. आजीची गोष्ट झोपताना ऐकावीच लागते (आमच्या स्लाइड्स दगडापेक्षाही गेलेल्या, हे मनात).

संध्याकाळी परत सायरन वाजवला. या वेळी टोपणवाले काका सगळ्यात आधी उठले, पेन तिथेच टाकून तडक बाहेर धावले, आणि लिफ्टचं बटण दाबून उभे राहिले.