तुम्ही विचारलंत म्हणून: इम्बोल्क कशाला, आणि कधी

"दोन मुलं, नोकरी, नवऱ्याच्या रात्रपाळ्या. त्यात गणपती, दिवाळी, संक्रांत सगळं करतेस. मग हे पेगन सण आणखी कशाला? आणि वेळ कुठून काढतेस?"

हा प्रश्न मला साताऱ्याहून फोनवर येतो. इथे आयर्लंडमध्ये, किल्डेअरला, मंडळाच्या बायका कार्यक्रमानंतर डबे आवरताना तो विचारतात. आजवर मी "आवड आहे" एवढंच म्हणत आले. ते खोटं नाही, पण त्यातून कुणाला काही कळत नाही. म्हणून एकदा सगळं सांगते.

आधी वेळेचं. वेळ नाही. मी एका ऑफिसात पगारपत्रकाचं काम करते. इथले जुने, ख्रिस्ती धर्माआधीचे (म्हणजे पेगन) ऋतुसण चार: हिवाळा लागताना साविन, वसंताच्या तोंडावर इम्बोल्क, उन्हाळ्याला ब्याल्टिन आणि सुगीला लूनसा. तारखा अनुक्रमे १ नोव्हेंबर, १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट. पण जुन्या रीतीत दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो. म्हणजे ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी, ३० एप्रिल, ३१ जुलै. चारही महिनाअखेरी. ज्या संध्याकाळी मी मान वर करू शकत नाही, नेमकी तीच संध्याकाळ सणाची. म्हणून मी चारही करत नाही. इम्बोल्क तेवढा धरून ठेवलाय.

"क्रॉस विणतेस, म्हणजे ख्रिश्चन झालीस का?" असंही विचारून झालंय. नाही. देवघरात देवी आहे आणि रोज दिवा लागतो. इम्बोल्क ब्रिजिडचा सण, त्याला काड्यांचा क्रॉस विणतात. ब्रिजिड ही काव्याची, वैद्यकीची आणि लोहारकामाची जुनी आयरिश देवी, आणि याच नावाची किल्डेअरची संतही. दोघींचा दिवस एकच, १ फेब्रुवारी. देवीची संत झाली की कसं, यावर अभ्यासक वाद घालतात, मी घालत नाही. शेजारच्या आजी संत ब्रिजिडचा दिवस म्हणून करतात, मी ऋतूचा म्हणून करते, आणि काड्या दोघी एकाच शेतातून उपटतो.

सुरुवात त्याच आजींनी केली. २०१५ची जानेवारी. मुलगी अडीच महिन्यांची, नवरा रात्री कामावर, आणि खिडकीबाहेर साडेचारलाच अंधार. संक्रांतीला आईनं फोनवर नेहमीसारखं सांगितलं, आता दिवस तिळातिळानं वाढेल. मला तो वाढताना दिसत नव्हता. बाळाला मांडीवर घेऊन मी तासन् तास नुसती बसून असायची. दुपारी दोनला मला वाटायचं की संपला आजचा दिवस. याला काय म्हणतात ते मला पुढे कळलं, तेव्हा फक्त लाज वाटायची.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आजी मागच्या दारानं आल्या. काखेत ओल्या हिरव्या काड्यांची मोळी. लव्हाळा. महापुरात तगतो त्या आपल्या लव्हाळ्यासारखाच, इथे पाणथळ कुरणांत रान माजावं तसा माजलेला असतो. त्यांनी बाळाला स्वतःकडे घेतलं, मला बाहेर नेलं आणि कुंपणाखाली बोट दाखवलं. पांढरी, माना खाली घातलेली स्नोड्रॉपची फुलं. पलीकडच्या शेतात गाभण मेंढ्या होत्या. या दिवसांत त्यांच्या कासेत दूध उतरतं. इम्बोल्क या नावाचा एक अर्थ 'पोटात' असाच लावतात. २१ डिसेंबरला इथला दिवस साडेसात तासांचा असतो, १ फेब्रुवारीपर्यंत तो सव्वा तासाहून जास्त वाढलेला असतो. ते मला त्या कुंपणापाशी पहिल्यांदा दिसलं. संक्रांत खोटी नव्हती, पण ती सांगत होती ते या मातीत बघायचं कुठे, हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

हे झालं 'कशाला'चं उत्तर. इथेच थांबले असते तर छान वाटलं असतं.

पण पुढची काही वर्षं मी या सणाचं काय केलं तेही सांगायला हवं. लहानपणी आमच्या घरी गौरी असायच्या. सोळा भाज्या, पंचपक्वान्नं, आणि आई पहाटे तीनला उठलेली. सगळे जेवून पानं उचलली की ती मोरीत जाऊन नळ सोडायची आणि रडायची. नळ कशासाठी सोडलाय हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी तेव्हाच ठरवलं होतं की असले सण आपण करायचे नाहीत. आणि मग मी, पगारपत्रक आणि दोन मुलं सांभाळून, एका परक्या सणाच्या याद्या करायला लागले. काड्या हातानंच उपटायच्या, कापायच्या नाहीत. जेवायला बटाटे-कोबी कुस्करून त्यात लोणी घातलेलं कोलकॅननच हवं. तारीख ३१चीच, शनिवार-रविवारवर ढकलायची नाही. तेव्हाची मी म्हणायचे, करायचं तर नीट करावं, नाहीतर करू नये. आज तिच्याशी भांडावंसं वाटतं. पण ती इतकी रेटून करत नसती, तर हा सण आमच्या घरात टिकला असता का, हेही मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

३१ जानेवारी २०२२, सोमवार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आठ कुटुंबांना बोलावलं होतं. मीच घाट घातला होता, कुणी सांगितलं नव्हतं. नवरा रात्रपाळीला. धाकट्याला खोकला. पगाराची शेवटची फाइल आठला गेली आणि मी लॅपटॉप मिटून त्याच टेबलावर काड्या पसरल्या. मुलगी सात वर्षांची होती. ती चारपासून वाट बघत होती.

क्रॉस विणायला अवघड नाही. एक काडी उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर आडवी अडकवायची, पाव वळसा फिरवायचा, पुढची काडी दुमडून मागचीवर अडकवायची. फिरवत गेलं की मध्ये चौकोनी वीण दिसायला लागते आणि चार हात फुटतात. मी भराभरा विणत होते, कारण दर घराला एक म्हणजे आठ द्यायचे होते. तिच्याकडे मी बघत नव्हते. तिनं स्वतःच विणला आणि टोकं तिच्या जुन्या टोपीच्या नारिंगी लोकरीनं बांधली. लोकरीची गाठ दातांनी ओढली होती, कारण दोन्ही हातांनी काड्या धरलेल्या. मला दाखवला. त्याला तीनच हात होते.

"छान आहे, झोप आता," मी म्हणाले. ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि वर गेली.

रात्री साडेअकराला सगळे क्रॉस ओळीनं मांडले. सात चार हातांचे, एक तीन हातांचा. आठवा विणायला चांगल्या काड्या उरल्या नव्हत्या. मी तिचा उचलला, लोकर सोडली, वीण उसवली आणि चार हातांचा केला. लव्हाळ्याची काडी एकदा दुमडली की घडीवर हिरवी साल फाटून आतला पांढरा भेंड दिसतो, आणि ती खूण जात नाही. मी त्या खुणा आतल्या बाजूला वळवल्या. नारिंगी लोकर परत बांधली. मला वाटलं, तिला कळणारही नाही. हे मी तेव्हा खरंच असं म्हटलं होतं, मनात, शब्दांत.

सकाळी ती दप्तर पाठीला लावून टेबलापाशी आली आणि तो हातात घेतला. काड्या जरा बाजूला सारून पांढऱ्या घड्या बघितल्या.

"लोकर माझी आहे. हा माझा नाही."

"अगं, मी फक्त नीट केला."

ती काही बोलली नाही. रडली नाही. तो परत ओळीत ठेवला, इतर सातांच्या रेषेत येईल असा सरळ केला आणि बूट घालायला गेली. संध्याकाळी आठही कुटुंबं आली, जेवण चांगलं झालं, सगळ्यांनी फोटो काढले. सगळे गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

माझी बाजूही आहे. मी सकाळी सहापासून उभी होते. घरात दुसरं मोठं माणूस नव्हतं. सात वर्षांचं मूल अशा गोष्टी विसरतं, असं मला तेव्हा चौघींनी सांगितलं. ती विसरली नाही. पुढच्या वर्षी, २०२३ला, ब्रिजिडच्या दिवसाची सरकारी सुट्टी सुरू झाली, फेब्रुवारीचा पहिला सोमवार. सगळं घर रिकामं होतं, वेळच वेळ. ती म्हणाली, "तू विण, मी काड्या देते." तेव्हापासून ती काड्या देते. विणत नाही.

पुढे केव्हातरी मी आजींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, तीन हातांचाही असतो की, जुन्या काळी तो गोठ्यात टांगायचे. म्हणजे तिचा बरोबर होता. मंडळातल्या एकीला यात फार मोठा दिलासा दिसला. मला नाही दिसला. तो चुकीचा असता तरी उसवायचा नव्हता.

किल्डेअरबद्दल एक गोष्ट सांगतात. बाराव्या शतकात गेराल्ड ऑफ वेल्स नावाच्या धर्मगुरूनं ती लिहून ठेवली. ब्रिजिडचा अग्नी राखायला एकोणीस जोगिणी होत्या, एकेकीची एकेक रात्र. विसाव्या रात्री शेवटची जोगीण लाकडं रचून म्हणायची, ब्रिजिड, आजची रात्र तुझी, तुझा अग्नी तू राख, आणि झोपायला जायची. अग्नी विझत नसे. १९९३ साली इथल्या ब्रिजिडाइन जोगिणींनी गावच्या चौकात ती ज्योत पुन्हा लावली. दमलेल्या बायकांना मी ही गोष्ट पुष्कळदा सांगते. मात्र त्या एकोणीस होत्या. माझ्या घरी मी आणि रात्रपाळीचा नवरा. विसावी रात्र मी कशी मोजायची?

आता काय करतो ते सांगते, कारण विचारलंय तेही. कुणाला बोलावत नाही. जेवण आणि झोप यांच्या मध्ये अर्धा तास. धाकटा विणतो आणि मी त्याच्या क्रॉसला हात लावत नाही. तीनदा सुटला तरी नाही, आणि हे मला अजून जड जातं. जेवायला असेल ते, मागच्या खेपेला मुगाची खिचडी होती, वर लोणी. तारीख जमली तर ३१, नाही तर सुट्टीचा सोमवार. डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस आणि मार्चमधला दिवस-रात्र सारखी होण्याचा दिवस, यांचा खरा मध्य तसाही ३-४ फेब्रुवारीला येतो, असं मी स्वतःला समजावते. पण सोमवारी केलं की त्या संध्याकाळचं काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. ते मी सोडवू शकलेले नाही.

झोपायच्या आधी एक फडकं बाहेर झुडपावर टाकायचं असतं. रात्री ब्रिजिड जाता जाता त्याला हात लावते, मग डोकं दुखलं की ते कपाळाला बांधायचं. यंदा दहा वाजून गेले होते आणि मी अजून फाइलमध्येच होते. वरून मुलीचा आवाज आला.

"आई, फडकं टाकलंस?"

"नाही गं. टाकते."

"पाऊस आहे. चिमटा लाव."

मी चिमटा शोधला.