पेट स्कॅन फक्त कॅन्सरचा नसतो

मावशीच्या डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितला आणि घरात सगळ्यांचे चेहरेच उतरले, कारण पेट म्हणजे कॅन्सर हे डोक्यात पक्कं बसलेलं. तिला रोज संध्याकाळी कसकस, मग ताप, वजन उतरलेलं, ईएसआर (शरीरात सूज असल्याचं सुचवणारी रक्ताची तपासणी) शंभरच्या वर आणि मलेरिया, टायफॉइड, टीबी, कल्चर, सोनोग्राफी सगळं क्लिअर. १०१ च्या वर जाणारा, तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला आणि तपासण्या करूनही कारण न सापडणारा ताप हा डॉक्टरांच्या लेखी एक वेगळाच प्रकार आहे, १९६१ मध्ये पीटर्सडॉर्फ आणि बीसन या डॉक्टरांनी त्याची व्याख्या केली, तीच थोडी बदलून अजून वापरतात.

या स्कॅनमध्ये एफडीजी नावाची साखरेसारखी किरणोत्सारी गोष्ट शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात हे खरं, पण इन्फेक्शनशी लढणाऱ्या, सूज आलेल्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशी पण तितक्याच ओढतात, त्यामुळे गडबड असेल ती जागा उजळून दिसते. आणि एकाच वेळी जवळजवळ सगळं शरीर बघून होतं, आज पोटाचा सीटी उद्या छातीचा असं नाही.

वेळ मात्र पाळायची हं, एफडीजीमधला किरणोत्सारी भाग, फ्लोरिन-१८, दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. आधी सहा तास उपाशी, साखर कंट्रोलमध्ये, इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं, कारण स्नायू हलले की तेही साखर खेचतात. मावशीला न बोलता पडून राहणं तापापेक्षा जड गेलं! मेंदू आणि मूत्राशय तर सगळ्यांचेच उजळतात, फोटो बघून घाबरू नका.

तिच्या स्कॅनमध्ये महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची, भिंत छातीपासून पोटापर्यंत उजळली होती. रक्तवाहिन्यांनाच सूज, कॅन्सर नाही, टीबीही नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की आधी एका ठिकाणी "स्टिरॉइड देऊन बघू" म्हणाले होते. स्टिरॉइडने ताप उतरला असता, पण काही दिवसांत ती सूजही स्कॅनमध्ये फिकी पडली असती आणि कारण हाती लागलंच नसतं. आपल्याकडे अंदाजाने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, पण चालू करतात. कधी पेशंट इतका सिरियस असतो की थांबणं शक्यच नसतं, ते मान्य, पण थांबता येत असेल तर गोळ्या चालू व्हायच्या आधी डॉक्टरांना स्कॅनबद्दल नक्की विचारा. स्कॅन जागा दाखवतो, आजाराचं नाव सांगेलच असं नाही, एखादी गाठ उजळली तर त्याच गाठीची बायोप्सी करावी लागते. कधी कधी काहीच दिसत नाही, तेव्हा बऱ्याच जणांचा ताप आपोआप जातो असं डॉक्टर म्हणाले.