बॉयकॉट राहू दे, त्या पोलिसांचं काय?

माझे मामा पोलिसात होते. बदली झाली की नव्या गावात खोली शोधायची, घरमालक आधी नोकरी काय ते विचारणार आणि पोलीस म्हटलं की लगेच त्याच्याकडे पाहुणे येणार असायचे. परवा आयर्लंडच्या लँड वॉरबद्दल, म्हणजे ब्रिटिश राजवटीत तिथल्या कुळांनी जमीनदारांविरुद्ध दिलेल्या लढ्याबद्दल, वाचत बसलो होतो तर सारखे मामाच आठवत होते.

काळ १८७९ ते १८८२. पिकं बुडालेली, भाव पडलेले, कुळांना खंड भरता येईना आणि जमीनदार बेदखलीच्या नोटिसा काढतायत. (आपल्याकडे १८७५ ला सुप्यात सावकारांचे रोखे जाळले, त्याला जेमतेम चार वर्षं झालेली.) ऑक्टोबर १८७९ ला लँड लीग ही कुळांची संघटना निघाली, आयरिश पुढारी पार्नेल अध्यक्ष. १९ सप्टेंबर १८८० ला एनिसच्या सभेत त्याने सांगून टाकलं की बेदखल केलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी चर्चमध्येपण एकटं पाडा. म्हणजे आपलं वाळीत टाकणंच की.

तीनच दिवसांनी पश्चिम आयर्लंडातल्या मेयोमध्ये कॅप्टन बॉयकॉटच्या कुळांना नोटिसा द्यायला बेलीफ निघाला. बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. बेलीफसोबत १७ पोलीस. तीन घरी नोटिसा दिल्या, चौथ्या घरची बाई घेईना, आणि तेवढ्यात आसपासच्या बायका धावत आल्या आणि चिखल, दगड, शेण, जे हाताला लागेल ते फेकायला सुरुवात. हे सगळे मागे पळत बॉयकॉटच्या घरात शिरले. बंदुका होत्या हो, पण बायकांवर चालवणार कोण?

पुढचं माहितीच असेल, नोकर गेले, दुकानदार सामान देईनात, शेवटी उत्तरेकडच्या अल्स्टरहून ५० माणसं आणून पीक काढलं आणि त्यांच्या राखणीला हजारेक सैनिक-पोलीस. ५०० पौंडांच्या पिकासाठी सरकारचे १०,००० पौंड गेले असा हिशोब सांगतात. शब्द बॉयकॉटच्या नावाचा झाला, पण मला त्या सतराजणांचं काय झालं असेल तेच वाटत राहतं.

कारण हे पोलीस ज्या दलाचे, ती रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी म्हणजे काही गोऱ्या साहेबांची पलटण नव्हती. अधिकारी बहुतेक प्रोटेस्टंट, पण शिपाई बहुसंख्य कॅथलिक, गावकऱ्यांसारखेच, त्यात कितीतरी शेतकऱ्यांचीच पोरं. खेड्यातल्या बराकीत चार-पाच जण, खांद्याला कार्बाइन म्हणजे आखूड बंदूक. स्वतःच्या जिल्ह्यात पोस्टिंग नाही, बायकोच्या माहेरच्या जिल्ह्यातपण नाही, का तर गावाशी नातं जुळायला नको. आणि मग गावानेच नातं तोडलं तर? कुठे दुकानदार माल देईना, कुठे गाडीवाला गाडी देईना. खून झाला तरी कुणी काही बघितलेलं नसायचं.

आता यात सगळं भारी होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. रात्री 'कॅप्टन मूनलाइट' या टोपणनावाच्या सहीची धमकीची पत्रं यायची, शवपेटीचं चित्र काढलेली, आणि ती फक्त जमीनदाराला नाही, गुपचूप खंड भरणाऱ्या शेजाऱ्यालासुद्धा. गुरांच्या शेपट्या कापायचे. त्या गुरांनी काय केलेलं? आणि पोलीसही बिचारे वगैरे नव्हते, १८८७ ला मिचेल्सटाउनच्या सभेवर त्यांनी गोळीबार केला, तिघं मेले. त्यानंतर लोकांनी त्यांना दूध द्यावं ही अपेक्षा तरी कशी करायची.

पण एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ऑगस्ट १८८२ ला लिमरिकमध्ये हे शिपाईच पगारासाठी सरकारवर उखडले. एवढं सगळं अंगावर घेऊन हातात काय, तर किरकोळ पगार.

मामांना शेवटी खोली मिळायची ती कुठल्यातरी रिटायर्ड हवालदाराकडेच.