डोळा फुटायच्या आधीचे चार दिवस

सासऱ्यांनी बाग माझ्या हाती दिली ती ऐन ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर. दिंडोरी तालुक्यात आमची थॉमसन जातीच्या द्राक्षांची दोन एकर. छाटणी मनासारखी झाली, पण मजूर कमी पडले आणि खालच्या ओळींचं पेस्टिंग, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणं, छाटणीनंतर चौथ्या दिवसावर गेलं. पंधरवड्याने फरक बांधावरूनच दिसला. वरच्या ओळींत हवे ते डोळे एकसाथ फुटलेले. खाली मात्र काडीच्या शेंड्याचा एक डोळा फुटून लांबलेला, मागचे अजून निजलेले. पुढे फवारणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), कशाचाच मेळ बसेना. त्या हंगामात मला नीट झोप नव्हती.

मग कारण शोधू लागले. थंड देशांत वेल पानं गाळून शेकडो तास सात अंशांखाली उभा असतो. त्या गारठ्यात डोळ्याचं श्वसन मंदावतं, काडीतला साठा जपला जातो, स्टार्चची साखर होते. हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज नावाचं विकर (एन्झाइम) थंडावतं, त्यामुळे ते पेशींत साचतं. डोळ्याला जाग आणणाऱ्या खुणांपैकी ती एक. आपल्या निफाडला पारा उतरतो तो डिसेंबर-जानेवारीत, वेलीवर घड लागलेले असताना! छाटणीआधी थंडी मिळतच नाही.

पेस्टिंगचं औषध, हायड्रोजन सायनामाइड, ती उणीव भरून काढतं. ते कॅटलेजला अडवतं, डोळ्याचं श्वसन थोडा वेळ विस्कळीत होतं आणि त्या धक्क्याने तो जागा होतो. तो धक्का छाटणीनंतर लगेच बसायला हवा. एवढं कळल्यावर चौथ्या दिवसाची किंमत समजली.

दुसऱ्या वर्षी दिवसाला जेवढ्या ओळी पेस्ट होतील तेवढ्याच छाटल्या. दोन दिवसांच्या आत प्रत्येक काडी उरकली. लिटरला 40 मिली, ऊन कडक असलं की 30. हातमोज्यांशिवाय कुणाला डब्याला हात लावू दिला नाही, कारण हे औषध कातडी भाजतं. मजुरांना आदल्या दिवशीच बजावलं, "दादा, आजपासून आठवडाभर दारूचा थेंबही नको." हे औषध अंगात गेलेलं असताना दारू घेतली तर धाप लागते, छाती धडधडते. ही गोष्ट मजुरांना सांगायचं कित्येक ठिकाणी राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

अकराव्या दिवशी सकाळी खालच्या ओळींत गेले. डोळे कापसावर आले होते, म्हणजे फुगून कापसासारखी लव दिसू लागली होती, शेंड्याचे आणि मागचेही. आंब्याच्या सावलीतल्या सहा वेली तेवढ्या दोन दिवस मागे होत्या.